चाळीस मिनिटांवरचं माहेर

एर्मेकचा फोन आला तेव्हा बुरूल बिश्केकमधल्या विमानाच्या तिकीटखिडकीत बसली होती आणि काचेपलीकडची लाल गालांची बाई तिला तिसऱ्यांदा विचारत होती, ओश किती लांब आहे. "विमानानं तीनशे किलोमीटर, चाळीस मिनिटं," बुरूल म्हणाली. "पण आमचे हे म्हणतात सहाशेच्या वर होतात." "गाडीनं होतात. गाडी डोंगरांना वळसे घालते, विमान घालत नाही." तेवढ्यात खांद्यानं कानाशी दाबून धरलेल्या फोनातून धाकटा भाऊ म्हणाला, "एजे, बाबांना जरा बरं नाहीये. पाय दुखावलाय. तू ये." बाईनं सुटे पैसे पुढं सरकवले, बुरूलनं तिकीट छापून दिलं, तारीख तपासून घ्या म्हणून सांगितलं, आणि हे सगळं करून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपला बाप मेला आहे.

हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. दूर राहणाऱ्या माणसाला मरणाची बातमी फोनवर द्यायची नसते. जरा बरं नाही म्हणायचं, घरी बोलावून घ्यायचं, चार वडीलधाऱ्यांनी भोवती बसून आधी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, आणि मग त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं घसा खाकरायचा. आई गेली तेव्हा आईचं पोट जरा दुखत होतं. थोरला मामा गेला तेव्हा मामाला सर्दी झाली होती. खुद्द बुरूलनं चुलतबहिणीला फोन करून काकूला जरा चक्कर आल्याचं सांगितलं होतं, तेव्हा त्या बहिणीनं हूं का चूं न करता एवढंच विचारलं होतं, "कोट जाड आणू का पातळ? तिकडे किती दिवस थंडी राहील?" सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि तरी सगळे हा खेळ इमानेइतबारे खेळतात. "बाबांना फोन दे," बुरूल म्हणाली. "ते फोनवर बोलत नाहीत, तुला माहिती नाही का?" "झोपलेत म्हण म्हणजे झालं." "झोपलेतच. गोळी दिलीय." "एर्मेक, मी पन्नास वर्षांची बाई आहे. खरं काय ते सांग." "अगं, खरंच सांगतोय! पाय! पाय दुखावलाय! बाकीचं फोनवर नाही सांगता येत, तू ये!" तो जितका ओरडत होता तितकी तिची खात्री पटत होती. नाही तरी या लोकांनी माणसाला नुसतं आजारी पडायची सोयच कुठं ठेवली होती? ज्याचा खरोखरच पाय दुखावला असेल त्यानं करायचं तरी काय? तिला रडू यायला हवं होतं. आला तो वैताग, आणि तो आल्यावर जायचं नाव घेईना.

सकाळच्या विमानाचं पहिलं तिकीट तिनं स्वतःचंच काढलं. विमानतळावर पोचली तर बिश्केकवर धुकं बसलं होतं, हिवाळ्यातलं, दुधासारखं दाट, काचेला येऊन टेकलेलं. विमानं उभी होती म्हणे, दिसत नव्हती. कोटाच्या आत तिनं काळा पोशाख घातला होता, पर्समध्ये काळा रुमाल होता, आणि ध्वनिक्षेपकावरची पोरगी दर थोड्या वेळानं तीन भाषांत तेच तेच सांगून तिन्ही भाषांत दिलगिरी व्यक्त करत होती. समोरच्या बाकावर एकानं उकडलेलं अंडं सोललं. त्याचा वास नाकात बसला तो बसलाच. बुरूलला अंड्याचा राग आला, पोरीच्या गोड आवाजाचा राग आला, आणि सगळ्यात जास्त राग आला तो चाळीस मिनिटांचा. वीस वर्षं ती हे दोन शब्द विकत आली होती. चहा निवायच्या आत ओश, असं म्हणायची ती गिऱ्हाइकांना. म्हणताना स्वतःला बरं वाटायचं, कारण त्याचा अर्थ असा होता की माहेर इथंच आहे, हाताशी, मनात आलं की उठून जाता येईल. आणि मनात आलं की उठून जाता येतं म्हटल्यावर माणूस आज कशाला उठतो? दूर असतं तर ती दर महिन्याला गेली असती. जवळ होतं म्हणून वर्षातून एकदा जायची. हे असं कुणाला सांगितलं तर लोक वेड्यात काढतील, पण ते खरं होतं, आणि खरं असून त्याचा आज काडीचा उपयोग नव्हता.

आणि त्यांचं काय? जोरोबायचं? तिच्या बापानं जन्मभर याच दोन शहरांमधल्या रस्त्यावर ट्रक हाकला होता. जाताना कांदे नि तांदूळ, येताना सिमेंट. त्यांच्या लेखी हे अंतर तीनशे नव्हतं आणि सहाशेही नव्हतं. ते दोन घाट होतं, सूसामिरचं बर्फाळ पठार होतं, तोक्तोगुलच्या धरणाला घातलेला लांबलचक वळसा होता, आणि अमक्या वळणावरच्या टपरीतल्या बाईच्या हातचा रस्सा होता. बारा तास, रस्ता चांगला असला तर. वय झालं, डोळे अधू झाले, ट्रक विकला, आणि मग जोरोबायनी जाहीर करून टाकलं की आता बिश्केक संपलं. "बारा तास बसवत नाही मला," ते म्हणायचे. "मग विमानानं या ना, बाबा." "विमानानं माणूस पोचत नाही. नुसतं सामान पोचतं." यावर हसायचं की कपाळ बडवायचं? तिची ती चाळीस मिनिटं आणि त्यांचे ते बारा तास, असा हिशेब लावून प्रत्येक वेळी तिनंच जायचं असं ठरून गेलं होतं. तिच्या लग्नाला ते आले नाहीत, घाटात दरड कोसळली होती. लेक झाली तेव्हा आले नाहीत, इंजिन उघडून ठेवलं होतं. नवरा सोडून गेला तेव्हा तर नुसतं कुणी येऊन स्वयंपाकघरात बसलं असतं तरी चाललं असतं. त्या वर्षी तिनं त्यांना तिकीट पाठवलं होतं, खिडकीची जागा बघून. विमान आलं, माणसं उतरली, सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला, बाबा नव्हते. नंतर एर्मेकनं सांगितलं, म्हातारा म्हणाला, मला नाही यायचं. एवढंच. कारण नाही की निरोप नाही. तिनं पुन्हा तिकीट पाठवलं नाही आणि त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. आता तर विषयच संपला होता, आणि तिला मिळायचं उत्तर राहून गेलं ते गेलंच.

शिवाय तिला आता वेगळंच काम होतं. लेकीनं बापाच्या दारात शिरताना आक्रोश करत शिरायचं असतं, कोशोक म्हणत. नुसतं रडून भागत नाही. तालात म्हणायचं, गेलेल्याचे गुण गायचे, ओळीला ओळ जोडायची, आणि अंगणातल्या झाडून साऱ्या बायका कान लावून बसलेल्या असतात. चांगलं म्हटलं तर वर्षभर नाव निघतं, वाईट म्हटलं तर जन्मभर. आईच्या वेळी बुरूल दारात नुसती खांबासारखी उभी राहिली होती. तोंडातून एक शब्द फुटला नव्हता. मावशी मागून म्हणाली होती, "शहरात जाऊन दगड झाली पोरगी." दगड नव्हती झाली ती. घशापर्यंत आलं होतं सगळं, तिथून पुढं वाट नव्हती. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ओळी सुचल्या होत्या, एकाहून एक, तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, हे तिनं रात्रीच ठरवलं होतं. या वेळी म्हणायचं. बाबांचं आपल्याकडे आता एवढंच उरलंय, ते तरी नीट द्यायचं. म्हणून त्या बाकावर बसून, अंड्याच्या वासात, ती मनातल्या मनात गुण जुळवायला लागली. घाटाघाटांचा धनी तू, असं काहीतरी. पण गुणांची ओळ अर्ध्यात आली की तिला फाटा फुटे आणि पुढं तक्रार येई. घाटाघाटांचा धनी तू, मग माझ्याकडे का नाही आलास? ती ओळ पुसून नव्यानं धरी, पुन्हा तेच. गुण म्हणून एकही धड गुण सापडेना. आपल्या बापात गुण नव्हते असं नाही, पण आत्ता ते नेमके कुठं जाऊन दडून बसले होते कोण जाणे.

दुपारकडे धुकं विरळलं आणि विमान एकदाचं उडालं. शेजारी जाडजूड टोपीतला एक गृहस्थ होता. त्यानं तिच्या काळ्या बाहीकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "कोण गेलं, ताई?" त्यानं हळू विचारलं. बुरूलला सांगायचं नव्हतं. अजून तिला कुणी रीतसर सांगितलेलं नव्हतं, तिनं कुणाला कसं सांगायचं? पण तोंडातून निघून गेलं, "वडील." गृहस्थानं लगेच दोन्ही तळवे उघडले, ओठ हलवले, तळवे तोंडावरून फिरवले. पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून पाहिलं आणि तिनंही फिरवले. पलीकडच्या दोघांनी, त्यांच्या मागच्यांनी, बघता बघता सहासात रांगांनी तिच्या बापासाठी मरणानंतरची दुवा केली. खाली त्यांचाच तो रस्ता असणार, बर्फात कुठंतरी बुडालेला. तोवर तिला नुसतं कळलेलं होतं. आता झालं. इतक्या लोकांनी केल्यावर ते मागं कसं घेणार? बुरूलनंही तळवे उघडले आणि तोंडावरून फिरवले.

खाली ओश आलं. म्हणजे यायला हवं होतं. खाली नुसता पांढरा कापूस होता. विमानानं एक घिरटी घातली, दुसरी घातली. एका फटीतून तिला क्षणभर शेतं दिसली, पाटाचं पाणी दिसलं, एक माणूस गाढव हाकताना दिसला, अगदी हाक मारली तर वर बघेल इतका जवळ. मग फट मिटली आणि वैमानिकानं कळवलं की उतरता येत नाही, आपण बिश्केकला परत चाललो आहोत. विमानात एकच कलकल उडाली. टोपीवाले गृहस्थ म्हणाले, "जीव वाचला म्हणायचं." बुरूलला कुणाचा गळा धरावा कळेना. चाळीस मिनिटं गेली, चाळीस मिनिटं आली, आणि ती त्याच बाकावर, त्याच काचेपुढं येऊन बसली. तेवढ्या वेळात किती प्रवास झाला म्हणायचा? सहाशे किलोमीटर की काहीच नाही? बाप असता तर म्हणाला असता, बघ, सामानसुद्धा पोचलं नाही.

तिथं एर्मेकचा फोन आला. "कुठं आहेस?" "बिश्केकला." "अजून?" "परत." त्यानं कपाळाला हात लावल्याचं तिला ऐकू आल्यासारखं वाटलं. मग तो म्हणाला, "बरं, ऐक. बाबा म्हणतायत, येताना त्या पुदिन्याच्या गोळ्या आण, पांढऱ्या, तिथं मिळतात त्या." एवढ्या थराला जावं माणसानं? एक वेळ खोटं बोला, रीत आहे, समजू शकते मी. पण मेलेल्या माणसाच्या जिभेला चव फुटल्याचं सांगायचं? "कोण म्हणतंय?" तिनं विचारलं. "बाबा." "लाज नाही वाटत तुला?" "कशाची?" एर्मेक खराच चक्रावला होता. "दोन गोळ्या आणायला सांगितल्या तर एवढं काय झालं?" तिनं फोन बंद केला, पर्सच्या तळाशी टाकला, आणि त्यावर काळा रुमाल दाबून ठेवला. गोळ्यांचं दुकान समोरच होतं. ती गेली नाही.

तिसऱ्या उड्डाणात ती झोपली. ओशला कधी उतरलं ते तिला कळलंही नाही, गृहस्थांनी हलवून उठवलं. तिथून उझ्गेनला, माहेरच्या गावी, भाड्याची गाडी, चिखल, भाताची रिकामी खाचरं, कलत चाललेलं ऊन. ड्रायव्हरनं तिच्या डोक्यावरचा काळा रुमाल पाहून गाणं बंद केलं. गल्लीच्या तोंडाशीच तिला दिसलं: फाटकासमोर माणसं उभी, हात पोटाशी बांधून, अंगणात मोठ्या कढईखाली जाळ, धूर, शेजारची म्हातारी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे टिपत. आणि लोकरी नमद्याचा तंबू नाही. प्रेतासाठी अंगणात तंबू उभारतात, गरिबातला गरीब भाड्यानं आणून उभारतो, आणि जोरोबायच्या अंगणात साधी काठीसुद्धा रोवलेली नव्हती! जन्मभर ज्यानं या एर्मेकला पोसलं त्याला आत कॉटवर कोंबून ठेवलंय. बुरूलच्या डोक्यात जे पेटलं ते थेट घशात आलं, आणि आईच्या वेळी जिथं वाट नव्हती तिथून ते धडाधडा बाहेर पडलं. गाडीचं दार उघडं टाकून ती फाटकातून आक्रोश करत शिरली.

"घाटाघाटांच्या धन्या, बाबा, रस्त्यारस्त्यांच्या राजा रे, साऱ्या टपऱ्या ठाऊक तुला, लेकीचं दार सापडलं नाही!" फाटकाशी उभी असलेली माणसं दचकून बाजूला झाली. "दरड तुला आडवी आली, इंजिन तुला आडवं आलं, लेक एकटी पडली तेव्हा काय आडवं आलं होतं रे!" कोशोकमध्ये बापालाही एकेरीत हाक मारायची असते आणि तिला ते आज फार सोपं गेलं. शेजारच्या म्हातारीचा रुमाल डोळ्यांशी तसाच राहिला. एर्मेक हातवारे करत धावत आला, "एजे, एजे, थांब—" तिनं त्याला कोपरानं ढकललं. "खिडकीची जागा धरली होती, पट्टा रिकामा फिरला, बारा तासांच्या माणसा, चाळीस मिनिटं जड झाली!" असं म्हणत तिनं आतल्या खोलीचा उंबरा ओलांडला आणि खोलीत चार उशांना टेकून, पायाला फळी बांधलेले जोरोबाय हातात चहाची वाटी धरून तिच्याकडे बघत होते.

बाहेर जाळात लाकूड फुटलं. मग एर्मेक मागून जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला, "पाय म्हटलं होतं ना मी! पाय! खुब्याचं हाड मोडलंय. मेंढी बरं वाटावं म्हणून कापलीय, माणसं भेटायला आलीत. शस्त्रक्रिया बिश्केकलाच होणार, गाडीनं बारा तास नेता येत नाही, आणि विमानाचं नाव काढलं की हे वाट्या फेकून मारतात. यांच्या कानावर जाईल म्हणून फोनवर बोलता येईना. म्हणाले, बुरूल येऊ दे. म्हणून बोलावलं तुला." भिंतीला धरून बुरूल खाली बसली. जिवंत. म्हातारा जिवंत होता, गालावर चांगली लाली होती, मिशीला चहा लागला होता, आणि ती सहासात रांगांकडून त्याची दुवा करून घेऊन आली होती. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण तोही संतापाच्याच वाटेनं बाहेर पडला. "बोलायला काय झालं होतं तुम्हाला?" ती ओरडली. "एकदा, एकदा फोन हातात घ्यायला काय झालं होतं?"

"का थांबलीस?" जोरोबाय म्हणाले. "चांगलं म्हणत होतीस. तुझ्या आईसाठीसुद्धा असं कुणी म्हटलं नव्हतं."

"थट्टा करू नका, बाबा."

"थट्टा नाही. सगळं खरं होतं." त्यांनी वाटी खाली ठेवायचा प्रयत्न केला, जमेना, एर्मेकनं घेतली. "एक सोडून. ते चाळीस मिनिटं जड झाली, ते बरोबर. पण मला यायचं नव्हतं असं नाही. मी गेलो होतो विमानतळावर. नवा कोट घालून गेलो होतो. शिडीपर्यंत गेलो. पाय उचलेना."

"म्हणजे?"

"म्हणजे भीती वाटली." ते एर्मेककडे बघून म्हणाले, "तू बाहेर जा, कढई बघ." एर्मेक गेला. "घाटात माझ्या हातात चाक असतं. तिथं काय असतं? मी लोखंडाला हात लावून उभा राहिलो, मागची माणसं ढकलायला लागली, आणि मी परत फिरलो. बस."

बुरूलकडे या माणसाची चिक्कार कारणं होती, वीस वर्षं घासूनपुसून ठेवलेली. आडमुठेपणा होता, लेकीची किंमत नसणं होतं, जावयावरचा राग होता. हे त्यात नव्हतं. "अहो, मग सांगायचं ना!" ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "इतकी वर्षं! मी काय काय समजून बसले होते, ठाऊक आहे तुम्हाला?"

"कुणाला सांगायचं? तूच तिकिटं विकतेस."

तिला हसू आलं की हुंदका, नक्की काय ते तिनं ठरू दिलं नाही. उठली, काळा रुमाल डोक्यावरून ओढून काढला, त्यांच्या मिशीवरचा चहा त्यानंच पुसला, जरा जास्तच जोरात. "उद्या जायचं," ती म्हणाली. "वाट्या फेकायच्या असतील तर आत्ता फेकून घ्या."

"मला आडवं घालून नेणार म्हणे."

"हो."

"म्हणजे वर नुसतं छत दिसणार."

"मी शेजारी असेन."

"नुसतं असून काय उपयोग?" म्हाताऱ्यानं तिचं मनगट धरलं. त्या हातात अजूनही चाक फिरवायची ताकद होती आणि तो गार पडला होता. "तिकडे वर गेलं की सुरू कर. आज करत होतीस तसं. मोठ्यानं. जे जे मी केलं नाही ते सगळं."

"विमानात? माणसं काय म्हणतील, बाबा?"

"म्हणू देत. तू भांडत असलीस ना, की मग मला दुसरं काही ऐकू येत नाही."